आखाजीच्या आधीचा आंबा

२५ एप्रिल, गुरुवार

बाई गं बाई, अर्धा किलो चॉकलेटचा डोळ्यांदेखत दगड झाला! आत्ता तुपासारखं वाहत होतं. मी द्राक्षं बुडवली न बुडवली तोच सगळं दाणेदार झालं आणि चमचा उभा राहील असा गोळा. मी आ वासून बघतच राहिले. आधी वाटलं दुकानदाराने फसवलं. मग अश्विनीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "मम्मी, पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. तू द्राक्षं धुऊन ओलीच टाकलीस." म्हटलं, मग आधी का नाही बोललीस? तर म्हणे, "तू ऐकून कुठे घेतेस?" पोटची पोर, आणि तोंड बघा! एक धपाटा घालणारच होते, पण समोरचा सुशांत आणि खालची प्रियांका दोघं टकामका बघत होते.

हा उद्योग मीच ओढवून घेतलाय. सुट्टी लागली, पोरं जिन्यावर बोंबलत फिरतात, त्यांच्या आया वैतागलेल्या. म्हणून म्हटलं, आपल्या घरी क्लास काढू. चॉकलेटमध्ये बुडवलेली फळं. पोरांनीच करायची, पोरांनीच खायची. सुरतेतल्या अख्ख्या लिंबायतमध्ये असा क्लास कुणी काढला नसेल. विकास उधन्याच्या डाइंग मिलमधून आला, भांडं बघितलं आणि म्हणाला, "आबा असते तर घराचं हॉटेल होऊ दिलं नसतं." खरं आहे. चार महिन्यांपूर्वी गेले सासरे, ते असते तर विचारायचीसुद्धा माझी छाती झाली नसती.

ही डायरी विकासच्या शेठने दिवाळीत दिलेली. कोरी पडली होती, म्हटलं क्लासचं लिहून ठेवू.

२८ एप्रिल, रविवार

आज जमलं! पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वर कोरडं वाडगं, त्यात चॉकलेटचे तुकडे. हळूहळू विरघळलं. केळ्याच्या चकत्या, चिकूच्या फोडी, काड्या टोचून बुडवायच्या, बटर पेपरवर ठेवायच्या, फ्रीजमध्ये घालायच्या. सुशांतने फळांपेक्षा कोपर जास्त बुडवलं.

आणि एक नवल झालं. सासूबाई खाटेवरून उठल्या, मुलांजवळ खाली बसल्या आणि एक एक द्राक्ष फडक्याने पुसायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. डावा हात मनगटात वाकडा आहे त्यांचा, माझ्या लग्नाच्या आधी मोरीत घसरून पडल्या होत्या म्हणे. तरी एवढी टोपली पुसून काढली. मी बघतच राहिले, कारण आबा गेल्यापासून बाई नुसती बसून असते. बोलणं नाही, खाणं तर त्याहून नाही. अर्धी भाकरी मोडतात आणि ताट सरकवतात. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की अजून दचकून उठतात, पदर सारखा करतात. कान अजून आबांच्या पावलांकडेच लागलेले. आताच्या बायकांना जमायचं नाही असं प्रेम.

आबा होतेच तसे. लूम खात्यात पंचवीस माणसं हाताखाली, पण घरी आले की आवाज चढवायची गरज नसायची, सगळे आपोआप गप्प. ते जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेतला नाही कधी. एवढा मान होता. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा ताट भिरकावलं होतं त्यांनी, पण चूक आमचीच होती.

१ मे, बुधवार

विकास म्हणतो, आखाजीला सीताआत्या अमळनेरहून येतील, तेव्हा आईला त्यांच्याबरोबर गावी पाठवू. आत्या म्हणजे आबांच्या सख्ख्या बहीण. तिकडे आबांचं घर आहे, आबांची माणसं आहेत, आईचा जीव रमेल. इथे झुरून झुरून एक दिवस हातची जाईल, असं डॉक्टरच म्हणाले. आता वजन बघवत नाही त्यांचं.

मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला लिहू? बाहेरची खोली मोकळी झाली तर क्लासला बरंच आहे. पण हो म्हटल्यावर सासूबाईंकडे नजर गेली. खाटेवर बसल्या होत्या, सगळं ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. ताकास तूर लागू देत नाही ही बाई. विकासने विचारलं, "आई, जाशील ना?" तर म्हणाल्या, "धाडशात तं जासू." पाठवाल तर जाईन. बास, एवढंच. रात्री जेवल्या नाहीत.

३ मे, शुक्रवार

आज पहिल्यांदा आनंदाने उड्या मारल्या आणि घटकाभरात तोंडचं पाणी पळालं. एकाच दिवसात दोन्ही. क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

मी दुपारी पिठाच्या गिरणीवर गेले होते. पोरांना बजावलं होतं, गॅसला हात लावायचा नाही, वितळलेलं चॉकलेट गरम पाण्यावर आहे, तेवढंच वापरा. परत आले तर सासूबाई खाटेवर बसलेल्या, पुढे बशी, आणि अश्विनी त्यांना भरवतेय! काळे चौकोनी तुकडे, वर खोबऱ्याचा कीस. सासूबाई डोळे मिटून चघळत होत्या. इतक्या सावकाश की मला वाटलं झोप लागली. मग डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आखो शे का?" अजून आहे का! चार महिन्यांत या बाईने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मी पिठाचा डबा तिथेच टाकला. "आहे आई, आहे, पाहिजे तेवढं आहे!" अश्विनीने सगळी बशी संपवली त्यांच्याकडून.

मग कचरा टाकायला गेले. डब्यात वरच साल. केशरी, ताजी, रसाने चिकट. आणि खाली कोय.

"अश्विनी! हे काय आहे?"

"आंबा. वरच्या नीताबेनने दिला. त्यांच्याकडे केसरची पेटी आलीय. मस्त लागतो चॉकलेटमध्ये. आजीला सरप्राइज!"

"अगं भवाने, आखाजी व्हायचीय अजून!"

पोरगी तोंडाकडे बघायला लागली. हिला काय ठाऊक? सुरतेत जन्मलेली, आजूबाजूच्या गुजरात्यांकडे चैत्रापासून रसपुरी चाललेली बघते. मी तिला खाली बसवून सांगितलं की आपल्यात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. विस्तवावर तूप आणि घास टाकून त्यांना जेवायला बोलावतात. रस आधी त्यांना, मग आपल्याला. तोवर घरातलं कुणी आंबा चाखत नाही. आणि यंदा तर आबांची पहिली आखाजी. आबांच्या आधी आबांच्या बायकोने आंबा खाल्ला, म्हणजे काय झालं कळतंय का तुला?

"पण आजीला आवडला ना," ती म्हणाली.

तिला, सुशांतला, प्रियांकाला, तिघांना शपथ घातली. कुणाला बोलायचं नाही. सासूबाईंना तर नाहीच. बिचारीला वरून चॉकलेट दिसलं, आत काय आहे कळलंसुद्धा नाही. कळलं तर जीव देईल ती. नवऱ्याचा पहिला घास आपण खाल्ला हे ऐकून कुठली बाई जगेल?

५ मे, रविवार

सासूबाई रोज मागतात. सकाळी पोरं आली की, "आखो शे का ते काळं?" मी केळं दिलं. एक तुकडा तोंडात घातला, ठेवून दिला. "हाऊ नही." हे नाही. चिकू दिला. हाऊ नही. द्राक्ष दिलं. हाऊ नही. मी घामाघूम. अश्विनी माझ्याकडे बघून गालात हसते, तिला डोळे वटारून गप्प केलं.

बिचारीच्या जिभेवर चव राहिली असणार, पण कशाची ते समजत नाही. लहान मुलासारखं झालंय. माझीच चूक, घरात लक्ष ठेवायला हवं होतं. विकासला सांगू की नको? सांगितलं तर आधी क्लास बंद करील, मग आत्यांना फोन करील, मग भटजींना विचारील. नको. हात दाखवून अवलक्षण कशाला?

पण एक लिहायलाच हवं. भाकरी आता पूर्ण खातात. आज मुलांबरोबर बसून खोबरं किसलं आणि सुशांतच्या नाकाला चॉकलेट लागलेलं बघून फिसकन हसल्या. या घरात येऊन बारा वर्षं झाली मला. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

गावी पाठवायचं आता माझ्या मनातून उतरलंय. विकासला म्हटलं, राहू दे ना इथेच, खायला लागल्यात. तो म्हणाला, आत्या ठरवतील. का? आई तुझी की आत्यांची? हे मात्र मनातच बोलले.

६ मे, सोमवार

आज तर हद्द झाली. दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर नीताबेन भेटल्या. म्हणाल्या, "वर्षाबेन, तमारा सासु आव्या हता. केरी मांगी." तुमच्या सासूबाई आल्या होत्या, आंबा मागितला! मी हसलेच. म्हटलं, दुसरं कुणी असेल. ज्या बाईला मोरीपर्यंत जायचा कंटाळा, ती दोन मजले चढून लोकांच्या दारात आंबा मागेल? नीताबेन म्हणाल्या, नाही नाही, त्याच, वाकड्या हातावाल्या. दोन दिले, त्यांनी तिथेच पायरीवर बसून एक खाल्ला आणि एक पदरात नेला.

पायरीवर बसून खाल्ला? शक्यच नाही. नीताबेनला बोलायची हौस आहे, एकाचे दोन करतात. मागितला मात्र असेल, आणि का ते घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं. घागरीसाठी. आबांसाठी आंबा आधीच बघून, वास घेऊन, पसंत करून ठेवायचा असेल. म्हातारपणी दोन मजले चढून गेली बाई! माझे डोळे भरून आले. आणि अशा बाईला आम्ही नकळत बाटवलं. मी कुठे फेडणार हे?

घरात मात्र दुसरा आंबा कुठे सापडला नाही.

८ मे, बुधवार

सीताआत्या आल्या. उधन्याला गाडीतून उतरल्या त्याच मुळी हुकूम सोडत. बरोबर आबांचा मोठा फोटो, गावाकडे फ्रेम करून आणलेला. आल्या आल्या खाटेसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकायला लावला. "वहिनीले दिसाले जोयजे." वहिनीला दिसला पाहिजे.

सासूबाईंनी फोटोकडे एकदा बघितलं आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तिथेच, फरशीवर, फ्रीजला टेकून. मी उठवायला गेले तर अंग थरथरत होतं. आत्या म्हणाल्या, "भाऊवर जीवच तितला व्हता तिना." भावावर जीवच तेवढा होता तिचा. मलाही रडू आलं.

पोरं दारात आली तर आत्यांनी हाकलली. सुतकाच्या वर्षात घरात कसले चाळे? क्लास बंद. वितळवायला काढलेलं चॉकलेट तसंच डब्यात गेलं. अश्विनी दिवसभर फुगून बसली.

सासूबाईंनी परत जेवण सोडलं. जे काही पाच दिवसांत भरून आलं होतं ते एका दिवसात ओसरलं. आत्या म्हणतात शनिवारचं रिझर्व्हेशन करा, मी घेऊन जाते. तिथे भावाच्या खोलीत झोपेल, भावाच्या खुर्चीला रोज नमस्कार करेल, मन शांत होईल. विकासने मान डोलावली. मी म्हटलं, "आत्या, त्या इथे मुलांत रमत होत्या." आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भाजी चिरायला बसले.

९ मे, गुरुवार

पुरण शिजवलं. सांजोऱ्या तळल्या. रसाचे आंबे आणले, बादलीत भिजत घातलेत. हात चालतो, डोकं नाही.

आमच्यात रीत अशी की पहिल्या आखाजीला आगारीवर, म्हणजे त्या विस्तवावर, घास टाकताना बायकोने हाक मारायची, नाव घेऊन. मग माणूस येतो, पाणी पितो, जेवून तृप्त होतो. पण त्याच्या आधी जिने आंबा खाल्लाय तिने हाक मारली तर? तो येईल का? आला तर रागावून येईल का? आबांचा राग! मी आत्यांना सांगून टाकावं का, की मुलांकडून चूक झाली, काही प्रायश्चित्त सांगा? म्हणजे निदान सासूबाईंवर पाप येणार नाही.

ठरवलंय. उद्या सकाळी सांगते. सगळं माझ्या अंगावर घेते.

१० मे, शुक्रवार. आखाजी

काय लिहू?

सकाळी सांगायला तोंड उघडलं, पण आत्या सोवळ्यात, विकास घाईत. राहून गेलं. शेणाने सारवलेल्या जागेवर नवी घागर मांडली, वर खरबूज, बाजूला दिवा. घागरीसमोर आबांचं पान वाढलं. पुरणपोळी, तूप, सांजोरी, कुरडई, वाटीभर रस. गोवरीचा विस्तव फुलला. विकास तुपाची पळी घेऊन बसला. अश्विनी माझ्या साडीला धरून.

आत्या म्हणाल्या, "वहिनी, ये. नाव लिसन बलाव भाऊले."

सासूबाई आल्या, उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं हुंदका आलाय.

आत्या पुन्हा म्हणाल्या, "बलाव ना. वाट दखी ऱ्हायना व्हई तो." वाट बघत असेल तो.

आणि सासूबाई बोलल्या. स्वच्छ, मोठ्या आवाजात. "मी नही बलावसू."

आत्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय बोली ऱ्हायनी तू?"

"मी नही बलावसू त्याले. आत्तेच तं गया तो. ऱ्हाऊ द्या तठेच." नाही बोलावणार त्याला, आत्ताच कुठे गेलाय, तिथेच राहू द्या.

मला वाटलं, आंबा! हा त्या आंब्याचाच परिणाम, आबा कोपले आणि हिचं डोकं फिरलं! मी पुढे होऊन ओरडले, "आत्या, चूक माझी आहे! मुलांनी चॉकलेटमधून आंबा दिला त्यांना, त्यांना माहीत नव्हतं, फसवून दिला..."

"माले कोणी फसाडं नही," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून, अगदी मऊपणे. "आंबाना वास येस ना, बेटा. पोरनी दिन्हा, मी खादा. मग वर जाईसन आखो एक खादा. त्यान्हा पहिले."

त्याच्या आधी! म्हणजे सगळं माहीत होतं! पहिल्या घासाला माहीत होतं! डोळे मिटून चघळत होत्या ते, बाई गं, ते...

आत्यांनी कपाळावर हात मारला. "मना भाऊ भुक्या ऱ्हाई ना वं!"

"ऱ्हाऊ दे."

"विकास, तू बलाव! तुन्हा बाप शे तो! आणि हिले मी आजच लई जास, तठेच हिन्हं डोकं ठिकाणवर येई!"

विकासच्या हातात पळी होती, तूप गळत होतं. त्याने आईकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं आता हा ओरडणार, बापासारखाच आवाज आहे त्याचा. त्याने पळी खाली ठेवली. बाजूचा तांब्या उचलला आणि विस्तवावर ओतला. चर्रर्र करून राख उडाली, सगळीकडे धूर. म्हणाला, "आई कुठेच जाणार नाही."

आत्या भिंतीला धरून खाली बसल्या. विकास उठून मोरीवर गेला, तोंड धूत राहिला. मी मागे गेले. "तुला माहीत होतं?" माझं मलाच कळत नव्हतं मी काय विचारतेय. तो नळ चालू ठेवून म्हणाला, "मी याच घरात वाढलोय, वर्षा." बारा वर्षं मीही याच घरात आहे, ते वाकडं मनगट रोज डोळ्यांपुढे. मी कुठे बघत होते?

बाहेर आले तर सासूबाई घागरीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. आबांच्या पानावर. पुरणपोळी मोडत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ते पान आबांचं आहे!"

"आत्ते मनं शे," त्या म्हणाल्या. आता माझं आहे.

आत्या बघतायत, विकास दारात उभा, अश्विनी आ करून. घरात कुणी जेवलेलं नाही, पितरांना घास गेलेला नाही, आणि ही बाई सगळ्यांच्या आधी जेवतेय. पाप असेल तर असो, माझ्या नावावर लागो. मी रसाचं पातेलं उचललं आणि त्यांच्या वाटीत वाढलं. सावकाश जेवल्या. रस त्यांनी दोनदा मागून घेतला.